वाचक विचारतात : डंपलिंग-नूडल्सच्या चिनी खाणावळीत

या महिन्याच्या टपालातील बरीच पत्रे एकाच प्रकारच्या जागेविषयी आहेत. परदेशातील मुलांकडे राहायला जाणारे पालक, खरेदीसाठी चीनला जाणारे व्यापारी आणि तिकडे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे घरचे लोक या सर्वांना जिथे कधी ना कधी जेवायला बसावेच लागते, अशी ही जागा आहे : आठ-दहा टेबले, भिंतीवर पदार्थांची छायाचित्रे, काचेआड पीठ लाटणारी दोन माणसे, आणि मागणी दिल्यावर थोड्याच वेळात समोर येणारी वाफाळती बशी. मेजवानीच्या मोठ्या चिनी हॉटेलांचे नियम वेगळे असतात, त्यामुळे त्यांविषयीचे प्रश्न येथे घेतलेले नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी सिडनीच्या ॲशफील्ड भागात राहते. तेथे रस्त्यावर ओळीने डंपलिंगची दुकाने आहेत. मेनूत शंभर-सव्वाशे नावे असतात. आम्ही दोघे गोंधळून जातो आणि शेवटी फ्राइड राइस मागवतो. सुरुवात कशी करावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मेनू उघडण्याआधी खाणावळ चीनच्या कोणत्या भागातली आहे ते विचारावे, निम्मे प्रश्न तेथेच सुटतात. ढोबळमानाने उत्तर चीन गव्हाचा आणि दक्षिण चीन तांदळाचा प्रदेश आहे, आणि डंपलिंग-नूडल्सची बहुतेक दुकाने गव्हाच्या परंपरेतली आहेत. पण ईशान्य चीनचा मालक, शांघायचा मालक, शिआनचा मालक आणि सिचुआनचा मालक यांचा हात वेगवेगळ्या पदार्थांवर बसलेला असतो. मेनूतील शंभर नावांपैकी त्या घरची म्हणता येतील अशी दहा-बाराच असतात. बाकीची नावे तुमच्यासारख्या गोंधळलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचे नाही म्हणून ठेवलेली असतात, आणि फ्राइड राइस हे त्यांतले पहिले. आपल्याकडच्या गाडीवरचे मांचुरियन मात्र तेथे शोधू नये. तो पदार्थ मुंबईत जन्मला.

ॲशफील्ड ही शांघायहून आलेल्या लोकांची वस्ती म्हणून ओळखली जाते. त्यामुळे तेथे रस भरलेले वाफवलेले शाओलोंगबाओ, तळाशी खरपूस केलेले जाड आवरणाचे शंगच्यानबाओ आणि कांद्याच्या पातीच्या तेलात घोळवलेल्या नूडल्स हे मागवावे. ईशान्येकडच्या किंवा पेइचिंगच्या (बीजिंगच्या) दुकानात उकडलेले च्याओझ, म्हणजे करंजीच्या आकाराचे डंपलिंग, घ्यावेत. डुकराचे मांस आणि आंबवलेला कोबी हे ईशान्येचे खास सारण आहे. शिआनच्या दुकानात पट्ट्यासारख्या रुंद नूडल्स, आणि सिचुआनच्या दुकानात लाल तेलातले वॉनटन (पातळ आवरणाचे लहान डंपलिंग) व खिमा घातलेल्या तिखट दान-दान नूडल्स चांगल्या मिळतात.

उकडलेले आणि तव्यावरचे डंपलिंग यांत आवरणाचाच फरक असतो, आणि तो जाणून घेतला तर निवड सोपी होते. उकडायच्या च्याओझसाठी पीठ थंड पाण्यात भिजवतात, म्हणून आवरण दाताखाली किंचित ताणते आणि उकळत्या पाण्यात फुटत नाही. वाफवायच्या आणि तव्यावरच्या (ग्वोथिए) प्रकारांसाठी बहुधा गरम पाणी वापरतात, त्यामुळे पिठाला, आपण मोदकासाठी काढतो त्या उकडीसारखा, मऊ आणि आज्ञाधारक पोत येतो. माझे मत विचाराल तर दुकानाची परीक्षा उकडलेल्या च्याओझवर होते. खरपूस तळात बरेच दोष झाकले जातात.

दोघांसाठी एक थंड बशी (ठेचलेली काकडी किंवा काळ्या अळंबीची कोशिंबीर), एका प्रकारचे डंपलिंग आणि एक वाडगा नूडल्स एवढेच आधी सांगावे. पदार्थ आपल्याकडच्या पंगतीसारखे क्रमाने येत नाहीत. जो तयार होईल तो पुढे येतो आणि तो लगेच खायचा असतो. डंपलिंगची बशी मध्ये ठेवून सगळ्यांनी घ्यायची असते, नूडल्सचा वाडगा मात्र ज्याचा त्याचा. पोटात जागा उरली तर दुसरी बशी मागवावी, कारण गार झालेल्या च्याओझचे आवरण एकमेकांना चिकटते आणि सोडवताना फाटते. उत्तर चीनमधील जुन्या दुकानांत मागणी नगावर नसून ‘लिआंग’ या मापावर असते. एक लिआंग म्हणजे ५० ग्रॅम, आणि हे वजन सहसा पिठाचे धरतात. एका लिआंगमध्ये साधारण पाच-सहा च्याओझ बसतात, तेव्हा माणशी तीन लिआंग पुरेसे होतात.

प्रश्न : मी खेळणी व नकली दागिन्यांच्या खरेदीसाठी चीनमधल्या यीवू शहराला जातो. मी शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. भारतीय हॉटेले आहेत, पण प्रत्येक वेळी तेथपर्यंत जाणे जमत नाही. बाजाराजवळच्या नूडल्सच्या दुकानांत मला काही मिळेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मिळेल, पण ‘मांस घालू नका’ एवढ्या सूचनेवर विसंबून राहू नये. तसे सांगितले की आचारी वरचे मांसाचे तुकडे काढून घेतो आणि हाडांच्या पाण्यातल्या नूडल्स पुढे ठेवतो. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने तुमचे ऐकलेले असते. मेनूत नुसते ‘मांस’ लिहिले असेल तर ते डुकराचे, हेही लक्षात ठेवावे. दुसऱ्या कोणत्याही मांसाचे नाव मेनूत वेगळे दिलेले असते.

म्हणून सूचना वर्जनाची न देता व्रताची द्यावी. ‘वो छी सू’, म्हणजे मी शाकाहार पाळतो, हे वाक्य चीनमध्ये बौद्ध परंपरेमुळे सर्वांना कळते. त्यापुढे मांसाचा रस्सा, चरबी, अंडे, सुकी कोळंबी, ऑयस्टर सॉस आणि चिकन पावडर नको, अशी यादी ओळखीच्या व्यापाऱ्याकडून चिनी लिपीत लिहून घ्यावी आणि ती फोनमध्ये ठेवावी. यादीतली प्रत्येक गोष्ट कारणाने आहे. वॉनटनच्या सुपात चव येण्यासाठी डुकराची चरबी घालण्याची पद्धत आहे. भाजीच्या सारणाला ऑयस्टर सॉस लावतात. आणि लसणीच्या पातीसारख्या दिसणाऱ्या चायनीज चाइव्हज व अंड्याच्या च्याओझमध्ये, ज्यांना अनेक दुकानदार सहज ‘शाकाहारी’ म्हणून दाखवतात, बारीक सुकी कोळंबी बऱ्याचदा असते.

रश्श्याच्या नूडल्स तुम्ही सोडूनच द्याव्यात. कोरड्या किंवा गार नूडल्सकडे वळावे. शिआनच्या दुकानात ‘योउ-फो म्यान’ नावाच्या रुंद नूडल्स असतात : उकडलेल्या नूडल्सवर मिरचीपूड, लसूण आणि मीठ ठेवून त्यांवर कडकडीत तेल ओततात, सोबत पालेभाजी व मोड आलेले कडधान्य असते. मांस सांगितल्याशिवाय पडू नये म्हणून आधी विचारून घ्यावे, एवढेच. तेथील ल्यांगफी हा गव्हाच्या सत्त्वापासून केलेल्या गार पट्ट्यांचा पदार्थही काकडी, व्हिनेगर आणि तिखट तेलासह मिळतो. तिळाच्या वाटणातल्या गार नूडल्स हा तिसरा पर्याय. टोमॅटोच्या नूडल्स सोप्या दिसतात, परंतु त्यांत अंडे असतेच.

पोट भरण्याचे काम लहान बश्याही करतात. ठेचलेली काकडी, व्हिनेगरमधले शेंगदाणे, बटाट्याच्या काड्यांची आंबट-तिखट परतणी आणि टोफूची गार पट्टी हे सर्व मिळून, सोबत वाटीभर भात किंवा वाफवलेला मान्थोउ पाव घेतला, तर जेवण नीट होते. मापो टोफू मात्र नावातल्या टोफूवर भरवसा ठेवून मागवू नये. मूळ पद्धतीत त्यात खिमा असतो. ‘मत्स्यगंधी’ नावाच्या वांग्याच्या भाजीत मासा नसतो, पण डुकराचा खिमा असू शकतो.

एक अडचण मात्र यादीने सुटत नाही. सगळे च्याओझ एकाच मोठ्या कढईत उकळतात, आणि तव्यावरचे एकाच तव्यावर शिजतात. वेगळ्या पातेल्याची विनंती ऐन दुपारच्या गर्दीत पाळली जाणे अवघड आहे; ती तीनच्या सुमारास, दुकान रिकामे असताना, करून पाहावी. हा संपर्कही चालत नसेल तर डंपलिंगचा नाद सोडून मंदिराजवळची बौद्ध शाकाहारी खाणावळ शोधणे हेच बरे.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. बौद्ध खाणावळीत कांदा-लसूण नसतो असे ऐकले. मग ती आमच्यासाठी निर्धोक समजावी का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अर्धी. चिनी बौद्ध भिक्षूंच्या शाकाहारात कांदा, लसूण आणि त्यांच्या कुळातल्या उग्र पाती वर्ज्य असतात, आणि तो नियम पाळणाऱ्या खाणावळीत तुम्हाला या बाबतीत चिंता नाही. परंतु त्यांचा आक्षेप उग्र वासाला आहे, जमिनीखालून येणाऱ्या भाजीला नव्हे. त्यामुळे बटाटा, मुळा, गाजर, आले आणि कमळकंद तेथे मुक्तपणे वापरतात, आणि च्याओझच्या सारणात गाजर व अळंबी जवळजवळ ठरलेली असते. कोबी, टोफू आणि शेवयांचे सारण मिळते का, हे विचारावे.

प्रश्न : अजिनोमोटोमुळे डोकेदुखी होते असे घरचे म्हणतात. अशा दुकानांत ते घालतात का? माझा रक्तदाब वाढलेला असतो. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : बहुतेक दुकानांत घालतात, आणि ते लपवण्यासारखे त्यांना वाटत नाही. हा क्षार १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळातून वेगळा केला. त्याच्याविषयीची भीती १९६८ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रापासून पसरली. नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत, जेवणात सहसा असते तेवढ्या प्रमाणात, असा त्रास सातत्याने दिसून आलेला नाही, आणि अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन तो सर्वसाधारणपणे सुरक्षित मानते.

तुम्ही लक्ष द्यावे ते मिठाकडे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सुचवले आहे, आणि एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्येच साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. नूडल्स खाऊन रस्सा तसाच सोडून द्यावा. तो संपवलाच पाहिजे असा शिष्टाचार नाही, आणि कोणाला वाईटही वाटत नाही. डंपलिंगसाठी सोया सॉसऐवजी नुसते व्हिनेगर घ्यावे.

प्रश्न : माझा मुलगा चीनमधल्या लान्चौ शहरात शिकतो. तो चिकन-मटण खातो, पण गोमांस व डुकराचे मांस खात नाही. तेथे सगळीकडे मुस्लिम नूडल्सची दुकाने आहेत. त्याने तेथे काय खावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : डुकराच्या मांसाचा प्रश्न त्या दुकानांत पूर्ण सुटतो, गोमांसाचा मात्र अधिक बिकट होतो, कारण लान्चौचा प्रसिद्ध वाडगा हाच मुळी गोमांसाच्या रश्श्याचा आहे. हुई मुस्लिम समाजातील मा बाओझ यांनी १९१५ च्या सुमारास त्याला आजचे रूप दिले असे मानतात. स्वच्छ रस्सा, पांढरा मुळा, लाल तिखट तेल, हिरवी कोथिंबीर व लसणीची पात आणि पिवळसर नूडल्स, ही त्याची पाच लक्षणे तेथील शाळकरी मुलगाही सांगतो. वरचे मांसाचे काप वगळता येतात, परंतु रस्सा वगळता येत नाही. ‘नुसता रस्सा घे’ असा आग्रह करणाऱ्या मित्रांपासून त्याने सावध राहावे.

तरी ते दुकान पाहण्यासारखे असते, आणि तुम्ही भेटीला जाल तेव्हा सकाळी जावे. हा तेथे न्याहारीचा पदार्थ आहे आणि अनेक जुनी दुकाने दुपारनंतर बंद होतात. आधी गल्ल्यावर पैसे भरून चिठ्ठी घ्यायची, ती खिडकीत द्यायची आणि नूडल्सची जाडी सांगायची : केसासारखी, बारीक, त्याहून किंचित जाड, पातीच्या पानाएवढी चपटी, रुंद किंवा खूप रुंद. पीठ ओढणारा माणूस तुमच्यादेखत गोळा दुमडत-ताणत जातो आणि पाहता पाहता वाडगा हातात येतो. चीनच्या इतर शहरांत ‘लान्चौ नूडल्स’ अशी पाटी असलेली बरीच दुकाने शेजारच्या छिंगहाय प्रांतातील ह्वालोंग भागाच्या लोकांची आहेत. त्यामुळे लान्चौकर त्या चवीला आपले म्हणत नाहीत.

मुलासाठी चांगला पर्याय म्हणजे वायव्येच्या शिनच्यांग प्रदेशाकडच्या खाणावळी. तेथे मटणाचे कबाब असतात, आणि ‘दाफानची’ नावाची चिकन-बटाट्याची मोठी परात मिळते. तिच्या तिखट रश्श्यात शेवटी पट्ट्यासारख्या रुंद नूडल्स घालतात. दोन-तीन मित्रांत एक परात पुरते. मटण आणि गाजराचे च्याओझही अशा दुकानांत असतात. खाणावळ हलाल आहे हे ओळखण्यासाठी अरबी अक्षरे शोधू नयेत, कारण पेइचिंगसह अनेक शहरांत ती पाट्यांवरून काढायला लावली आहेत. ‘छिंगचन’ ही दोन चिनी अक्षरे ओळखायला शिकावीत. या दुकानांत बाहेरचे खाणे आणि दारू नेऊ नये. डुकराचे मांस असलेला साधा सॉसेज-पाव पिशवीत असला, तरी तो टेबलावर काढणे त्यांना अपमानाचे वाटते.

प्रश्न : न्यू जर्सीत मुलाने आम्हाला रस भरलेल्या डंपलिंग खायला नेले. पहिल्याच घासाला तोंड पोळले आणि रस कपड्यांवर सांडला. ते खातात कसे? आणि आत रस भरतात कसा? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : भरतात तेव्हा तो रस नसतोच. डुकराची कातडी बराच वेळ उकळली की तिच्यातील जिलेटिन पाण्यात उतरते. ते पाणी गार करून गोठवतात, बारीक चिरतात आणि खिम्यात मिसळतात. वाफेवर ते वितळते आणि आवरणात कोंडले जाते. या प्रकाराचा उगम शांघायजवळच्या नानश्यांग गावाशी जोडतात. यावरूनच लक्षात येईल की शाकाहारी माणसाने रसाळ डंपलिंगच्या वाटेला जाऊ नये. आत भाजी असली, तरी रस बहुधा कातडीचाच.

टोपली आल्यावर एक मिनिट थांबावे, पण पाच मिनिटे थांबू नये, कारण तेवढ्यात तळ कागदाला चिकटतो. वरच्या चुण्यांच्या गाठीला हलकेच धरून डंपलिंग उचलावे आणि चमच्यात ठेवावे. काडीने भोसकू नये. बाजूला लहानसे भोक पाडून वाफ जाऊ द्यावी, रस चमच्यातून प्यावा, मग आल्याचे तंतू आणि थेंबभर व्हिनेगर घालून उरलेले एका घासात खावे. तैवानच्या एका प्रसिद्ध साखळीने १८ चुण्यांचे प्रमाण ठरवल्यापासून लोक चुण्या मोजत बसतात. मोजायचेच असेल तर टोपलीतले किती फुटलेले आले ते मोजावे.

प्रश्न : टेबलावरच्या बाटल्यांतले नेमके काय घ्यायचे असते? काही ठिकाणी कच्च्या लसणीच्या पाकळ्याही ठेवतात. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : लहान बशीत आधी व्हिनेगर, मग हवे तर थोडा सोया सॉस आणि तळाशी साचलेल्या मिरचीसह चमचाभर तिखट तेल, अशी बुडवण ज्याची त्याने करायची असते. व्हिनेगरमध्येही प्रांत दिसतो. शान्शी प्रांतातील व्हिनेगर ज्वारीसारख्या धान्याचे, मुरवलेले आणि तिखट आंबट असते, ते उत्तरेच्या च्याओझला शोभते. च्यांगसू प्रांतातील चन्च्यांगचे व्हिनेगर चिकट तांदळाचे आणि किंचित गोडसर असते, ते शांघायच्या रसाळ डंपलिंगबरोबर घेतात. बाटली साधी काळी असते, म्हणून सोया सॉस समजून ओतण्याआधी वास घ्यावा.

लसूण खाण्यासाठीच ठेवलेली असते. उत्तरेतील लोक च्याओझच्या किंवा नूडल्सच्या दोन घासांमध्ये पाकळी चावतात. हिरवट-निळसर लसूण दिसली तर ती नासलेली समजू नये. ती व्हिनेगरमध्ये मुरवून मुद्दाम तशी केलेली असते. शेवटी वाडग्यात पांढुरके कोमट पाणी आले, तर ते च्याओझ उकडलेले पाणी आहे. ते प्यायल्याने जेवण पचते असे उत्तरेत मानतात, आणि त्याचे पैसे सहसा लावत नाहीत.

प्रश्न : चॉपस्टिक जमत नाहीत, नूडल्स ओढताना आवाज होतो, आणि टिप किती द्यावी हेही कळत नाही. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : चमचा निःसंकोच मागावा, डंपलिंगसाठी तो चिनी माणसेही वापरतात. काड्या वापरायच्याच असतील तर लाकडी मागाव्यात, गुळगुळीत प्लास्टिकवरून च्याओझ निसटतो, आणि पदार्थ चिमटण्यापेक्षा खालून आधार देऊन उचलावा. आवाजाकडे कोणी लक्ष देत नाही. भातात काड्या उभ्या खोचून ठेवणे मात्र टाळावे, कारण ते मृतांपुढे लावलेल्या उदबत्तीसारखे दिसते.

चीनमध्ये अशा खाणावळीत टिप देत नाहीत; दिली तर मुलगा सुटे विसरलात म्हणून मागे धावत येतो. अमेरिकेत मात्र टेबलावर वाढणाऱ्याला १५ ते २० टक्के देण्याची रीत आहे. चीनमध्ये पैसे टेबलावरचा कोड फोनने टिपून भरतात, आणि २०२३ पासून परदेशी कार्ड अलीपे व वीचॅट या पैसे भरण्याच्या ॲपना जोडणे बरेच सोपे झाले आहे. ही ॲप भारतात बंद असल्याने जोडणी चीनमध्ये पोचल्यावर करावी, आणि तरीही थोडी रोकड जवळ ठेवावी. ती नाकारणे तेथे नियमाविरुद्ध आहे, पण लहान दुकानात शंभर युआनच्या नोटेला सुटे मिळेलच असे नाही.